वरच्या टप्प्यांवरची द्राक्षं

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार

सकाळी कोझिमोच्या बारमध्ये वर्तमानपत्र उघडलं आणि समोरची कॉफी गार होऊन गेली. सातव्या पानावर, फोटोसकट बातमी: ‘पेत्रायाच्या पडीक उतारावर विस्मरणात गेलेल्या द्राक्षाचा शोध.’ शोध कुणी लावला, तर स्कोर्दो यांनी. खालच्या सपाटीवर ज्यांचा वाईनचा कारखाना आहे, ते स्कोर्दो. फोटोत ते उतारावरच्या आमच्या दुसऱ्या टप्प्यावर, आमच्या दगडी गडग्याला रेलून उभे आहेत, आणि हातात आमच्याच वेलाची काडी आहे.

पडीक.

हा शब्द मी तीनदा वाचला. आमच्या आजोबांपासून आजपर्यंत असं एक वर्ष गेलेलं नाही की त्या उतारावरची द्राक्षं काढून घरात वाईन झाली नाही. हा मनुष्य नोव्हेंबरात आमच्याकडे आला, आमच्या टेबलावर बसून चार पेले प्यायला, डोळे मिटून “मास्तर, हे काय आहे हो?” म्हणाला. जानेवारीत पुन्हा आला. मी स्वतः त्याला बाग दाखवली. बारा काड्या मी स्वतः कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. आणि आता पडीक?

घरी येऊन लेत्तेरियाला बातमी वाचून दाखवली. ती सुका मासा भिजत घालत होती.

“फोटो बरा आलाय का?” तिनं विचारलं.

“त्याचा फोटो बरा येवो नाहीतर वाईट, प्रश्न तो नाही.”

“त्याचा नाही, गडग्याचा. तो कोपरा मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा रचला.”

माझी बहीण अशी आहे. आग लागली तर ती विचारील, चूल पेटली का. मी रेल्वेत अडतीस वर्षं काढली, शेवटची अकरा स्टेशनमास्तर म्हणून. नोंद चुकली की पुढं काय काय चुकत जातं ते मला माहीत आहे. ही बातमी म्हणजे चुकीची नोंद आहे आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय मी राहणार नाही.

१९ फेब्रुवारी

संपादकांना चार पानी पत्र. प्रांताच्या शेती कार्यालयाला सहा पानी. दोन्हींच्या प्रती ठेवल्या. दुसऱ्या पत्रातला महत्त्वाचा भाग इथं उतरवून ठेवतो: ‘सदर वाण आमच्या घराण्याने, आणि वडिलांच्या पश्चात विशेषतः निम्नस्वाक्षरीकाराने, अनेक अडचणी सोसून जतन केला आहे.’

लेत्तेरियाला वाचून दाखवलं. म्हणाली, “निम्नस्वाक्षरीकार म्हणजे कोण?”

“मी.”

“बरं,” म्हणाली आणि टोपली घेऊन वर गेली. छाटणी चालू आहे. ती सकाळी जाते ती दुपारी दोनला येते आणि जेवायला अडीच वाजतात. मी दोनदा बोललो आहे.

२८ फेब्रुवारी

स्कोर्दोंचा फोन. आवाज असा की जणू त्यांनीच माझं काही भलं केलं आहे.

“मास्तर, तुम्ही रागावलात म्हणे. अहो, पडीक हा त्या पत्रकाराचा शब्द.”

“मग तुम्ही खुलासा छापा.”

“छापू की. पण मोठं काम पुढं आहे. त्या द्राक्षाची सरकारी यादीत नोंद करून घेतोय. नाव पण ठरवलंय, स्कोर्दीना. कानाला गोड लागतं ना? तुमच्या गावाचं नाव बाटलीच्या पाठीमागं घालू.”

पाठीमागं. मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा निरोप न घेता फोन ठेवला, आणि बाल्कनीत जाऊन बसलो. सामुद्रधुनीपलीकडं सिसिली स्वच्छ दिसत होती. तिचाही राग आला.

शेती कार्यालयाला दुसरं पत्र: नावावर हरकत. तपासणी व्हावी.

१४ मार्च, शुक्रवार

विजय. माझ्या पत्रांमुळं कार्यालयानं विद्यापीठातल्या तज्ज्ञ पाठवल्या. डॉ. मार्त्सिया क्रुपी. चाळिशीच्या, पायांत चांगले मजबूत बूट, बोलणं कमी. मी कोट घालून खाली रस्त्यावर थांबलो होतो.

त्यांनी प्रश्न पुष्कळ विचारले आणि मी एकाही प्रश्नाला अडखळलो नाही. वेलाचे डोळे कधी फुटतात? मी म्हटलं, वसंत ऋतूत. काडीवर किती डोळे ठेवता? पुरेसे. आफ्रिकेकडचा वारा सुटला तर फुलोरा गळतो का? मी म्हटलं, आमच्या द्राक्षाला वाऱ्याची सवय आहे. हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्या बराच वेळ वहीकडं बघत राहिल्या.

“बागेचं रोजचं काम कोण बघतं, मास्तर?”

“मीच बघतो. बहीण मदतीला असते.”

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावरच्या वेलांना त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या, काड्यांचे तुकडे पिशव्यांत भरले. प्रयोगशाळेत वाणाची ओळख पटते म्हणाल्या. वर बघून विचारलं, “त्याच्यावर काय आहे?”

“वर काही नाही. आमच्या बहिणीचं थोडंफार असतं, भाजीपाला. वाट फार वाईट आहे, तुम्ही त्रास घेऊ नका.”

त्याच वाटेनं लेत्तेरिया डोक्यावर छाटलेल्या काड्यांचा भारा घेऊन उतरत होती. एकसष्टाव्या वर्षी असं डोंगरात फिरणं मला पसंत नाही, पण ऐकते कोण. तिनं जेवण मांडलं. क्रुपीबाईंनी वाईनचा एक घोट घेतला आणि पेला उजेडाकडं धरून बघितला.

“ही याच वेलांची?”

“अर्थातच,” मी म्हणालो.

लेत्तेरियानं माझ्याकडं बघितलं. मग क्रुपीबाईंच्या ताटात आणखी पाव ठेवला.

बाई जाताना तिला म्हणाल्या, “जेवण फार छान होतं.” लेत्तेरिया म्हणाली, “पुन्हा या. पुढच्या वेळी अंगावर जुने कपडे घालून या.” पाहुण्याला असं बोलतात का? मी नंतर तिला सुनावलं.

२ मे

तलवारमाशाची पहिली नाव काल परतली. उत्तर अजून नाही. तीन स्मरणपत्रं पाठवली.

२९ मे, गुरुवार

उत्तर आलं.

शब्दशः उतरवतो: ‘श्री. झोक्काली यांच्या बागेतील सर्व एकोणीस नमुने तसेच श्री. स्कोर्दो यांनी सादर केलेले नमुने त्रेब्बियानो या सर्वत्र प्रचलित वाणाचे असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब स्वतंत्र नोंदीचा प्रश्न उद्भवत नाही.’

त्रेब्बियानो. जे उत्तरेत रेल्वेच्या कडेनं मैलोन्‌मैल लावलेलं असतं, ज्याची वाईन नोवारा स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये पाण्याच्या जगमधून मिळायची, ते. आमच्या आजोबांचं द्राक्ष म्हणे त्रेब्बियानो.

बारमध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. कोझिमो कप पुसत म्हणाला, “मास्तर, गाडी चुकीच्या फलाटावर लागली वाटतं.” चार जण हसले. मी त्या चौघांची नावं लिहून ठेवणार होतो, पण नको. एवढंच बरं झालं की स्कोर्दीना पण मेली. म्हणे स्कोर्दोंनी लेबलं छापून घेतली होती.

मी घरी येऊन थेट पत्राला बसलो. प्रयोगशाळेचा निष्काळजीपणा, नमुन्यांची अदलाबदल, फेरतपासणी. तिसऱ्या परिच्छेदावर असताना लेत्तेरिया आली, ॲप्रनला हात पुसत उभी राहिली.

“प्रयोगशाळेची काही चूक नाही,” म्हणाली.

“तुला काय कळतं त्यातलं?”

“खालचे तीन टप्पे त्रेब्बियानोच आहेत. त्यांची द्राक्षं मी दर वर्षी सोसायटीला घालते. आपल्या पिंपात ती कधी पडली नाहीत.”

मी पेन खाली ठेवलं. “मग आपल्या पिंपात काय असतं?”

“वरची.”

“तुला हे माहीत होतं? त्या बाई इथं बसून जेवल्या, मी त्यांना सगळं सांगत होतो, आणि तू गप्प बसलीस?”

“मला कुणी विचारलं?”

मी बराच वेळ बोललो. ती उभी राहून ऐकत होती. शेवटी मी विचारलं, मग हे त्रेब्बियानो आपल्या टप्प्यांवर आणलं कोणत्या शहाण्यानं?

“तुझ्या वह्या आहेत ना ट्रंकेत,” ती म्हणाली. “मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगण्यापेक्षा तूच बघ. एकाहत्तर साल.”

३० मे

ट्रंक उघडली. १९७१-७२ ची वही निळ्या पुठ्ठ्याची. तेव्हा मी नोवाराला सहायक होतो, वय बत्तीस. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं.

‘९ नोव्हेंबर १९७१, मंगळवार. लेत्तेरियास पत्र. जुन्या वेलांना उत्पन्न नाही, घड विरळ, पिकतात उशिरा. सर्व उपटून टाकावेत. सरकारी योजनेतून त्रेब्बियानोची रोपे मंजूर करून घेतली आहेत, डिसेंबरात येतील. खड्डे तयार ठेवावेत. पोचपावती कळवावी.’

आणि डिसेंबराच्या शेवटी: ‘लेत्तेरियाचे कार्ड. काम झाले म्हणते.’

अक्षर माझं आहे. मला यातलं काही आठवत नाही. त्या काळी मी घरी दर आठवड्याला सूचना लिहीत असे, छपराबद्दल, आईच्या औषधाबद्दल, शेळ्यांबद्दल. प्रत्येक सूचना कोण लक्षात ठेवील?

पण मुद्दा वेगळा आहे. मी स्पष्ट लिहिलं होतं, सर्व. तिनं कळवलं, काम झालं. म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीनं मला खोटा अहवाल पाठवला आणि तो एकतीस वर्षं दुरुस्त केला नाही. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर मी त्याची बदली केली असती.

वही चाळताना पुढची एक नोंद दिसली, ७२ च्या मार्चची. तिचा द्राक्षांशी काही संबंध नाही. ‘नाताले येऊन गेला. जेनोव्याला बोटीवर जाण्याआधी खास नोवाराला उतरला. ऑस्ट्रेलियात काम मिळाले आहे, लेत्तेरियाला मागाहून बोलावून घेईन म्हणतो. आईकडे कोण बघणार आणि बाग कोण करणार. तिची इच्छा नाही असे सांगून विषय संपवला. पाचच्या गाडीने गेला.’ नाताले म्हणजे बान्यारा गावचा, तलवारमाशाच्या नावेवर भाला मारायला असायचा तो. हे इथं उतरवायचं काही कारण नव्हतं.

३१ मे

आज मी वर गेलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तिसऱ्या टप्प्याच्या वर पाय ठेवला नव्हता. माझ्या लहानपणी तिथं फक्त खडक आणि काटेरी निवडुंग होते. वाट एका माणसापुरती आहे, आणि एका ठिकाणी तर एका पायापुरती. डाव्या हाताला काही नाही. खाली थेट रेल्वेचा बोगदा आणि समुद्र. मी भिंतीला धरून, तोंड डोंगराकडं करून गेलो.

वर सात टप्पे आहेत. सात. एक गडगा कुठं फुगलेला नाही, दगडाला दगड असा बसवलाय की बोट जायचं नाही. वेल जमिनीलगत, वाऱ्याखाली दबून बसलेले, खोडं माझ्या मनगटाएवढी. फुलोरा नुकताच आलेला. लेत्तेरिया गुडघ्यावर बसून काहीतरी बांधत होती. मला बघून घाबरली नाही, आनंदली नाही.

“पाणी पी आधी,” म्हणाली. “तोंड बघ कसं झालंय.”

मी पाणी प्यायलो आणि मग विचारलं. सरळ विचारलं. “मी उपटायला सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस. मी उपटले.”

“मी लिहिलं होतं, सर्व.”

“सर्वच उपटले. उपटायच्या आधी काड्या कापून घेतल्या. त्या वर लावल्या.”

“इथं? इथं माती कुठं होती?”

“नव्हती. खालून आणली.”

“कशातून?”

तिनं डोक्यावरच्या चुंबळीकडं बोट केलं. मला वाटतं तिला माझा प्रश्न वेडगळ वाटला.

“तीन हिवाळे लागले,” म्हणाली. “आई झोपली की यायची.”

मी म्हटलं, निदान कळवायचं तरी. ती म्हणाली, “कळवलं असतं तर तू दुसरं पत्र लिहिलं असतंस.”

हे उत्तर आहे का? मी संतापून खाली आलो. म्हणजे निघालो संतापून, पण त्या अरुंद जागी थांबावं लागलं, आणि तिनं मागून येऊन माझा कोट धरला तेव्हा पुढं गेलो. संताप दाखवायला ती जागा सोयीची नाही.

३ जून

तीन दिवस कोझिमोकडं जेवतो आहे. निषेध म्हणून. त्याचा रस्सा खारट असतो. लेत्तेरियानं अजून विचारलेलं नाही.

४ जून

आज घरी जेवलो. तिनं ताट आधीच वाढलेलं होतं.

१२ जून

क्रुपीबाई परत आल्या. कळलं ते असं, की लेत्तेरियानं पोस्टात जाऊन त्यांना स्वतः फोन केला. आमच्याकडं फोन असताना. बाईंच्या अंगावर जुने कपडे होते.

या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. मी मागून गेलो. त्या दोघी वर पानं उलटीपालटी करून बघत होत्या, आणि बोलणं असं चाललं होतं जणू एकमेकींना तीस वर्षं ओळखतात.

“काडीवर डोळे किती ठेवता?”

“या सातांतल्या खालच्या टप्प्यांवर दोन, वरच्या टप्प्यांवर एक. वरती वारा जास्त आहे, दोन ठेवले तर वेल थकतो.”

“आफ्रिकेकडचा वारा?”

“फुलोऱ्यात आला तर निम्मा गळतो. म्हणून घड विरळ. विरळ असतो म्हणून कुजत नाही. लोकांना वाटतं तो दोष आहे.”

लोकांना म्हणजे मला.

“हे पान माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही,” क्रुपीबाई म्हणाल्या. “तुम्ही काय म्हणता याला?”

“मालुपासू.”

मालुपासू म्हणजे वाईट पाऊल. पाय चुकला तर परत नाही, अशी जागा. हे नाव मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. आमच्या घरात आम्ही नुसतं ‘द्राक्ष’ म्हणायचो. लेत्तेरिया म्हणाली, टोपल्या वाहणाऱ्या बायका म्हणायच्या. आईसुद्धा म्हणायची. पुरुषांसमोर विषय निघत नसे.

मला हे अपमानास्पद वाटतं. माझ्या स्वतःच्या घरात एक नाव चालू होतं आणि मला त्याची माहिती नव्हती.

२१ ऑगस्ट

निकाल: कुठल्याही नोंदलेल्या वाणाशी जुळत नाही. लेत्तेरियाला वाचून दाखवलं. म्हणाली, “मग? मी काय सांगत होते?” मी म्हटलं, तू काहीच सांगत नव्हतीस. म्हणाली, “तेही खरंय.”

२४ सप्टेंबर, बुधवार

नगरपालिकेच्या सभागृहात नोंदणीची बैठक. कार्यालयाचे दोन अधिकारी, क्रुपीबाई, कारकून, आणि बघायला निम्मं गाव. स्कोर्दो पहिल्या रांगेत, पायात पातळ तळव्याचे चकचकीत बूट.

मी भाषण तयार केलं होतं. घराण्याची परंपरा, आजोबा, वडील, मग मी रेल्वेत असूनही बागेवर ठेवलेलं लक्ष. अकरा मिनिटांचं. अधिकारी म्हणाले, आधी ज्यांनी वेल राखले त्यांचं ऐकू. लेत्तेरिया उठली. तिनं रविवारचा काळा झगा घातला होता आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

“हे वेल आमच्या खालच्या टप्प्यांवर होते,” ती म्हणाली. “एकाहत्तर साली माझ्या भावानं उपटून टाकायला सांगितले. मी काड्या वर नेऊन लावल्या. बस, एवढंच.”

आणि बसली.

सगळं गाव माझ्याकडं वळलं. कोझिमो शेवटच्या रांगेतून मान उंच करून बघत होता. माझ्या कानांतून वाफ निघत असावी. भरल्या सभेत, सगळ्यांसमोर, सख्ख्या भावाचं. थोडं वेगळ्या शब्दांत सांगता आलं नसतं का? ‘परिस्थितीमुळे’ असा एक चांगला शब्द आहे.

तेवढ्यात कारकुनानं लिहिलेलं वाचून दाखवलं: “वाणाचे जतन झोक्काली कुटुंबाने, कुटुंबप्रमुख श्री. फोर्तुनातो यांच्या देखरेखीखाली केले.”

मी उभा राहिलो. भाषण खिशात होतं. पण हे मला खरोखर असह्य झालं. बाई समोर उभी राहून तीन वाक्यं बोलते, आणि तीन वाक्यं ऐकून हा पोरगेला कारकून चौथंच लिहितो. अशा नोंदींमुळंच गाड्या एकमेकींवर आदळतात.

“खोडा ते,” मी म्हणालो. “ती काय म्हणाली ते लिहा. जतन: लेत्तेरिया झोक्काली. एकटीनं. देखरेख कुणाचीही नाही.”

“मास्तर, बरं दिसेल म्हणून...”

“बरं दिसायला नोंद नसते. आणि खाली लिहा, वेल उपटण्याचा हुकूम फोर्तुनातो झोक्काली यांचा, नोवारा, नऊ नोव्हेंबर एकोणीसशे एकाहत्तर. पुरावा माझ्याकडं आहे. माझ्याच अक्षरात.”

तो लिहीपर्यंत मी उभा राहिलो. स्पेलिंग तपासलं. नोवारा त्यानं चुकीचं लिहिलं होतं.

नंतर स्कोर्दो लेत्तेरियापाशी आले, टोपी हातात. काड्या मिळतील का, हवी ती किंमत. ती म्हणाली, “मिळतील की. जानेवारीत वर या, स्वतः कापून न्या.” त्यांनी खिडकीतून डोंगराकडं बघितलं, मग बुटांकडं. माणूस पाठवतो म्हणाले. “माणूस नको,” लेत्तेरिया म्हणाली. “तुम्ही.”

घरी येताना चढणीवर ती एकदम थांबली. मला वाटलं गुडघा.

“त्या वहीत आणखी काय आहे?” तिनं विचारलं.

“कुठल्या?”

“निळ्या. ज्यात ते पत्र लिहून ठेवलंयस.”

“वेळापत्रकं,” मी म्हणालो.

५ ऑक्टोबर

अकरा दिवस काही लिहिलं नाही. ‘वेळापत्रकं’ हा शब्द सारखा समोर येतो. कारकुनाला ज्या गोष्टीसाठी भर सभेत झापलं, तीच मी चढणीवर केली.

नातालेची नोंद पुन्हा वाचली. सहा वाक्यं. अक्षर सुंदर आहे, एक खाडाखोड नाही. बत्तीस वर्षांच्या त्या माणसाला मी समोर उभा करून विचारीन म्हणतो, तिची इच्छा नाही हे तुला कुणी सांगितलं? तू तिला पत्र लिहिलंस? दर आठवड्याला शेळ्यांबद्दल लिहीत होतास, त्यात एक ओळ? पण तो पाचच्या गाडीला झेंडा दाखवून मोकळा झालेला आहे. त्याला काही विचारता येत नाही. मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर रागावलो, पण ज्याच्यावर राग आहे तो आरशात दाढी करतोय, असं कधी झालं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वरची तोडणी सुरू. मालुपासू उशिरा पिकते, घड गुलाबी-करडे, मण्यामण्यांत फट. मी सकाळी तिच्याबरोबर निघालो. वही कोटाच्या आत होती. त्या अरुंद जागी तिनं हात मागं केला आणि मी धरला.

दहाच्या सुमाराला पाचव्या टप्प्यावर मी म्हणालो, “तू विचारलं होतंस त्या वहीचं.”

“वेळापत्रकं म्हणालास.”

“नाहीत.”

मी वाचून दाखवलं. एकही शब्द न गाळता, तारखेपासून पाचच्या गाडीपर्यंत. ती घड कापत होती. कात्री चालू होती, मग थांबली.

“शेवटचं पुन्हा वाच.”

“तिची इच्छा नाही असे सांगून विषय संपवला. पाचच्या गाडीने गेला.”

“नोवाराला आला होता,” ती म्हणाली. “तुझ्याकडं.”

“हो.”

“किती वेळ होता?”

“दोन गाड्यांच्या मध्ये. पाऊण तास असेल.”

“अंगात काय घातलं होतं त्यानं?”

मी आठवून बघितलं. खरोखर प्रयत्न केला. स्टेशनचं बाक आठवलं, स्टोव्हवरची किटली आठवली. “वहीत नाही,” मी म्हणालो. “मला आठवत नाही.”

“पाऊण तास माणूस तुझ्यासमोर बसला,” ती म्हणाली, “आणि अंगात काय होतं ते तू बघितलं नाहीस.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. कात्री खिशात घालून ती गडग्यावर बसली. तिला कामाच्या वेळी बसलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. समुद्राकडं बघत नव्हती, हातांकडं बघत होती. हातांना रस लागला होता आणि माशा येत होत्या, त्या ती हाकलत नव्हती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं तळहात वर केला.

“मला वाटलं तो न सांगता गेला,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. इथंच. माती टाकताना, दगड रचताना, रोज. आणि त्या सगळ्या चुकीच्या माणसाला गेल्या.”

मी म्हणालो, “हो.”

“आता त्या तुला द्यायच्या. खालून वर, सात टप्प्यांच्या.” ती उठली, चुंबळ डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली, दाबून बसवली. मग भरलेली टोपली दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली. वजन मानेतून थेट टाचांपर्यंत गेलं. “एका हंगामात पुरं व्हायचं नाही ते. रोज येत जा.”

“किती वाजता?”

“सहाला. आणि तोंड डोंगराकडं करून चालू नकोस, टोपली घासते. समोर बघ.”

मी समोर बघून चालू लागलो. ती मागून येत होती, आणि पहिली शिवी तिनं चौथ्या टप्प्यावर दिली.